नेमप्लेट

रबाळ्याच्या शेडमध्ये मोटर आली की
हसुरामकाका आधी ती उघडत नाहीत.
चिंधी रॉकेलमध्ये बुडवून नेमप्लेट पुसतात,
पोराचं शेंबडं तोंड पुसावं तशी,
आणि मला म्हणतात, "वाच, आयटीआय."

माझं नाव त्यांना माहीत आहे. घेत नाहीत.

तीन एच.पी. चारशे पंधरा व्होल्ट.
"वॅट किती?"
सातशे सेहेचाळीस त्रिक दोन हजार दोनशे अडतीस.
सव्वादोन किलोवॅटला थोडे कमी.
"घोडा कुठला धरलास?"
कुठलाही असो काका, सातशे सेहेचाळीसच.
"मंग तो घोडा नाय. तो हिशेब हाय."

पहिल्या आठवड्यात मी रजिस्टरात
वॅटच्या रकान्यात व्होल्ट लिहिले होते.
ओरडले नाहीत. चहा अर्धा ठेवून
मला पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढवलं,
जिथून कंपन्यांच्या पत्र्यांपलीकडे
खाडीची एक राखाडी पट्टी दिसते.

"तिथं आमचं मिठागर व्हतं.
भायेर भरतीचं पानी छातीएवढं, आत घोट्याएवढं.
हा जो फरक, तो तुझा व्होल्ट.
एकट्या पान्याला व्होल्ट नसतो, दोन पान्यांमधी असतो.
उघाडी बंद असंल तर फरक रातभर उभा ऱ्हातो,
एक थेंब काम करत नाय.
फळी उचलली, पानी धावलं, किती धावलं तो अँपिअर.
दोघं मिळून जे ढकलतात, तो वॅट.
व्होल्टचा वॅट व्हत नाय, पोरी.
फळी उचलावी लागते."

तेव्हापासून मी बदलते ते बदलण्यासारखंच.
बावीस केव्ही म्हणजे बावीस हजार व्होल्ट,
हजार वॅट तासभर म्हणजे एक युनिट.
कोपऱ्यावरच्या रोहित्रावर आकडा केव्हीत लिहिलाय;
उरलेली शून्यं
कवटीच्या डोळ्यांत असावीत.

मग एका शुक्रवारी लाइन नव्हती.
वार्निश वाळत होतं. मला सुचलं ते मी मांडलं:
माणूस दिवसभर राबला तर
पंचाहत्तर वॅटच्या आसपास, पुस्तक म्हणतं.
काकांची आई, पदीबाय, मिठाच्या टोपल्या, आठ तास.
पंचाहत्तर आठे सहाशे.
शून्य पूर्णांक सहा युनिट.
शेडच्या बिलावरच्या दराने किती रुपये,
ते मी काढलं, आणि लिहिलं नाही.

शून्य पूर्णांक सहा मात्र खडूने
रिकाम्या स्टेटरच्या पाठीवर उरलं होतं.

काका स्लॉटमधून जळकी तार ओढत होते.
ओढतच राहिले. मग,
"पॉवर फॅक्टर किती धरलास?"

माणसाला कुठे असतो, काका.

"मोटर लाइनीतून घेते त्यातलं थोडं
नुसतं चुंबक उभं ठेवायला जातं.
वॅटात धरत नाय कोन ते.
पन ते नसंल तर शाफ्ट हलंल का?"
तार तुटली. त्यांनी पक्कड बदलली.
"आयच्या डोक्यावर टोपली,
कमरेवर मी.
तिचं केव्हीएत लिही."

मी स्टेटरवर लिहिलं: केव्हीए.
आकड्यासाठी जागा सोडली,
ती तशीच वाइंडिंगखालून निघून गेली,
वार्निशसकट, मेगर लावून, पास होऊन, कुणाच्या तरी पंपावर.

संध्याकाळी लाइन आली तेव्हा
टेम्पोतून दुसरी मोटर उतरली होती.
प्लेट घासून गुळगुळीत. ना एच.पी., ना व्होल्ट.
काकांनी चिंधी बुडवली
आणि नेहमीइतकाच वेळ ती पुसली.
"वाच," म्हणाले, "सुगंधा."